फांगण्याची आजीबाईंची शाळा : पहिली दहा वर्षे

शाळेचा इतिहास कसा लिहितात, हे स्मरणिका चाळणाऱ्याला सांगायला नको. स्थापनेचं साल, पहिले मुख्याध्यापक, जागा देणारे दानशूर, कौलं जाऊन स्लॅब पडला तो समारंभ, बोर्डात चमकलेली मुलं आणि शेवटी माजी विद्यार्थ्यांच्या वार्ता : कोण डॉक्टर झाला, कोण तहसीलदार, कोण सरपंच, कोण परदेशी गेला. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावची आजीबाईंची शाळा या साच्यात बसत नाही. तिला दहावीचा निकाल नाही. तिथला शाळा सोडल्याचा दाखला कुणी नोकरीच्या अर्जाला जोडलेला नाही. पटावरच्या विद्यार्थिनींची वयं साठ ते नव्वद. तरीही मुरबाड-शहापूरच्या या डोंगराळ पट्ट्यातल्या शिक्षणाचा इतिहास लिहायचा झाला, तर माझ्या मते या एका खोलीच्या शाळेसाठी स्वतंत्र प्रकरण राखून ठेवावं लागेल.

शाळा सुरू झाली ८ मार्च २०१६ रोजी, जागतिक महिला दिनी. त्याआधीच्या फेब्रुवारीत गावात शिवजयंती साजरी होत होती. शिवचरित्राचं वाचन चाललं होतं. ऐकायला बसलेल्या म्हाताऱ्या बायकांनी तेव्हा मनातली गोष्ट बोलून दाखवली : आपल्यालाही हे वाचता आलं असतं तर किती बरं झालं असतं. असे उद्गार कुठल्या गावात निघत नाहीत? पोथी लागली की निघतात, मुंबईच्या मुलाचं पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागे तेव्हाही निघत. ऐकणारा हसून सोडून देतो, कारण गोवऱ्या मसणात गेल्यावर अक्षरं कसली गिरवायची, असंच सगळ्यांना वाटत असतं. फांगण्यात ते ऐकणारे होते जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर. त्यांनी ते सोडून दिलं नाही. महिना उलटायच्या आत वर्ग भरला.

एका शिक्षकाने मनावर घेतलं म्हणून शाळा उभी राहत नाही, हेही इतिहासात यायला हवं. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्ट पाठीशी उभा राहिला. पाट्या, खडू, दप्तरं, फळा आणि गणवेश यांचा खर्च ट्रस्टने उचलला. सत्तरएक उंबऱ्यांचं शेतकऱ्यांचं गाव. त्याने आपल्या म्हाताऱ्या शाळेत पाठवायचं कबूल केलं, आणि देणगीपेक्षा हे जास्त अवघड होतं. घरातली सासू दुपारी दोन तास बाहेर बसणार म्हणजे नातवंडं कोण बघणार, वाळवणावरची कोंबडी कोण हाकणार, हे प्रश्न प्रत्येक घरात असतात. ते त्या त्या घरच्या सुनांनी सोडवले. सुरुवातीला तीसच्या आसपास विद्यार्थिनी आल्या. आणि शिकवायला उभी राहिली तीही गावातलीच एक सून. तिच्या विद्यार्थिनींत तिची स्वतःची सासूही होती. चार घरांत जे नातं चुलीपाशी ताणलं जातं, ते इथे फळ्यापाशी उलटं झालं. सून सासूचा हात धरून अक्षर काढून घेते आणि सासू चुकलं की पुसून पुन्हा काढते. अशी दुसरी शाळा माझ्या तरी माहितीत नाही.

गणवेश गुलाबी साडीचा. या रंगाविषयी थोडं सांगायला हवं. आपल्याकडे कपाळ उघडं झालं की बाईच्या अंगावरून रंग उतरतो. पांढुरकं, फिकं, कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही असं लुगडं तिच्या वाट्याला येतं आणि मंगल कार्यात ती मागच्या ओळीत सरकते. फांगण्याच्या वर्गात साऱ्याजणी एका रंगात बसतात. कोण सवाष्ण, कोण नाही, हे साडीवरून कळत नाही. गणवेशाचं कामच मुळी श्रीमंत-गरीब, उच्च-नीच हे भेद वर्गाबाहेर ठेवण्याचं. आपल्या मुलांच्या शाळांत ते काम त्याने किती केलं हा वादाचा विषय असेल. या शाळेत त्याने पहिल्या दिवशीच केलं.

वर्ग भरतो दुपारी दोन ते चार. वेळ ठरवण्यात मोठी समज आहे. सकाळ शेताची, गुरांची, पाण्याची. संध्याकाळ चुलीची आणि देवापुढच्या दिव्याची. मधले दोन तास बाईचे स्वतःचे, तेही असले तर. जेवणं उरकतात, भांडी पालथी पडतात, आणि मग एकेक गुलाबी पदर घराबाहेर येतो. खांद्याला दप्तर, दप्तरात पाटी. प्रार्थना होते. मग बाराखडी, अंक, मुलांची बडबडगीतं. ऐकू कमी येतं तिला पुढे बसवायचं, दिसतं कमी तिला फळ्याजवळ. वर्गात गुडघे दुमडून बसायचं आणि उठताना शेजारणीच्या खांद्याचा आधार घ्यायचा.

हातातल्या खडूकडे नीट पाहावं. या बोटांना आयुष्यभर विळ्याची मूठ, कोयत्याची मूठ, हंड्याची कड आणि भाकरीचं पीठ ठाऊक. त्यांना जाड गोष्ट घट्ट धरायची सवय. खडू घट्ट धरला की मोडतो. सैल धरला की पाटीवर घसरतो. ‘अ’ काढताना पहिला अर्धगोल जमतो, दुसरा त्याच्याखाली बसत नाही, काना कलंडतो, आणि डोक्यावरची रेघ पाटीच्या चौकटीपर्यंत जाऊन पोचते. सहा वर्षांच्या मुलाची बोटं महिन्याभरात वळतात. पंचाहत्तर वर्षांच्या बोटांना तीच वळणं शिकवायची तर काल जमलेलं आज पुन्हा पहिल्यापासून करून घ्यावं लागतं, कारण काल शिकलेलं रात्रीत विसरलेलं असतं. शिकवणाऱ्या सुनेचा धीर आणि शिकणाऱ्या सासूची जिद्द या दोहोंचा हा रोजचा हिशेब. ज्यांनी मुलांना शिकवलं आहे त्यांनाच यातले कष्ट नीट कळतील.

घरी गेल्यावर गृहपाठ. तो करून घेतात नातवंडं. सगळ्यांत थोरली विद्यार्थिनी नव्वदीची होती. ती आपल्या लहानग्या नातीबरोबर शाळेला जायची. दोघींच्या पाट्या वेगळ्या, अक्षरं तीच.

आता प्रश्न असा की या बायका सहाव्या वर्षी शाळेत का गेल्या नाहीत? सोपं उत्तर ‘तेव्हा शाळाच नव्हत्या’ असं देता येतं. अनेक वाड्या-पाड्यांपुरतं ते खरंही आहे. पण सगळीकडे नाही. २०१६ साली साठ ते नव्वद वर्षांच्या असलेल्या बायका म्हणजे १९२६ ते १९५६ या काळात जन्मलेल्या. सक्तीच्या शिक्षणाचा मुंबई इलाख्यातला कायदा १९२३ चा, आणि स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, नवा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा आला. पण मुलगा आणि मुलगी असा फरक होत राहिला. तो केला घरांनी. थोरली मुलगी म्हणजे धाकट्या भावंडांची दुसरी आई. तिने पोरगं कडेवर घ्यायचं, गुरांमागे जायचं, झऱ्यावरून पाणी आणायचं, सरपणाची मोळी आणायची, आणि पदर सावरता येऊ लागला की बोहल्यावर चढायचं. मुलींच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरवणारा शारदा कायदा १९२९ चा आहे. तो किती घरांना ठाऊक होता आणि ज्यांना ठाऊक होता त्यांनी किती पाळला, हे आपल्या आज्या-पणज्यांच्या लग्नाच्या वयावरून प्रत्येकाने ताडून पाहावं. १९५१ च्या जनगणनेत देशभरातल्या शंभर बायकांत नऊजणीदेखील साक्षर नव्हत्या. मुरबाड आणि शहापूरसारख्या घाटाखालच्या तालुक्यांत यापेक्षा फार बरी स्थिती असेल, असं मानायला आधार नाही.

म्हणून ज्यांची शाळा बुडाली ती नशिबाने बुडाली, असं लिहायला माझा हात धजत नाही. त्यांची शाळा आपल्याच घरांनी बुडवली. भाऊ पाटी घेऊन एका वाटेने गेला आणि बहीण हंडा घेऊन दुसऱ्या वाटेने, कित्येकदा त्याच शाळेच्या पडवीवरून. भावाच्या शिक्षणाचं बळ बहिणीच्या पाणी भरण्यातून आलं. आज ज्या वार्ता आपण माजी विद्यार्थ्यांच्या म्हणून अभिमानाने छापतो, त्यांतल्या पुष्कळांच्या मागे अशी एक न शिकलेली बहीण उभी आहे, आणि तिचं नाव कुठल्याच जनरल रजिस्टरात नाही.

शाळेचा हा धागा स्वातंत्र्यलढ्यापर्यंतही जातो. याच मुरबाड तालुक्यात सिद्धगड आहे. दरवर्षी २ जानेवारीला तिथे हुतात्म्यांना वंदन करायला माणसं जमतात. १९४३ सालच्या त्या पहाटे पोलिसांनी सिद्धगडाच्या रानात स्वातंत्र्यलढ्यातल्या आझाद दस्ता या भूमिगत गटाला गाठलं, आणि भाई कोतवाल व मानिवलीच्या गोमाजी पाटलांचा मुलगा हिराजी हे दोघे गोळ्यांना बळी पडले. या दस्त्याने सह्याद्रीतले विजेचे मनोरे पाडून मुंबईकडे जाणारी वीज तोडली होती, हे मुलांना पाठ असतं. त्याआधीचे कोतवाल मात्र आपण कमी सांगतो. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानच्या गरीब नाभिक घरात जन्मले. पुण्यात नातेवाइकांकडे राहून शिकले, वकील झाले आणि वकिलीच्या कमाईमागे न लागता गावी परतले. माथेरानच्या नगरपालिकेचे ते उपाध्यक्ष होते. डोंगराखालच्या शेतकऱ्यांना सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून त्यांनी धान्यकोठ्या काढल्या. आणि गावोगावी शाळाही काढल्या, स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या. सावकाराच्या वहीवर उठणारा अंगठा वाचता येत नाही म्हणूनच उठतो, हे त्या वकिलाला कळलं होतं. धान्याची कोठी आणि शाळा ही त्यांच्या लेखी एकाच कामाची दोन अंगं होती.

फांगण्याच्या शाळेतली नव्वदीची विद्यार्थिनी १९४३ मध्ये सतरा वर्षांच्या आसपासची असणार. ज्या वर्षी हा शाळा काढणारा वकील सिद्धगडावर पडला, त्या वर्षी ती निरक्षर तरुण मुलगी होती. तिच्या हाती पाटी यायला आणखी त्र्याहत्तर वर्षं लागली. त्यातली जवळजवळ एकोणसत्तर स्वातंत्र्याची. हा हिशेब मी टीका म्हणून मांडत नाही, पण हुतात्म्यांच्या स्मरणदिनी तो एकदा मोठ्याने वाचला जावा असं मला मनापासून वाटतं. योगायोग असा की सिद्धगडाचा दिवस २ जानेवारी आणि सावित्रीबाई फुल्यांची जयंती लगेच दुसऱ्या दिवशी, ३ जानेवारीला. जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली ती १८५५ मध्ये. दिवसभर राबणाऱ्याला रात्री शिकवायचं, म्हणजे शाळेने शिकणाऱ्याच्या वेळेला वळायचं. बोर्डीला १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तेव्हा अनुताई वाघांनी गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा कुरणात जाईल, इतकं साधं. कोसबाड तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. फांगण्याची दुपारची दोनची वेळ त्याच परंपरेतली आहे. शाळेत जे चालतं त्याला नवलाई म्हणून पाहणाऱ्यांनी ही पूर्वपीठिका ध्यानात ठेवावी.

आमच्या पिढीचे जिल्हा परिषद शाळेत शिकलेले लोक एकत्र जमले की आठवणींना ऊत येतो. ठाणे जिल्हा परिषद १९६२ ची. तिच्या शाळा कधी देवळात भरल्या, कधी कुणाच्या पडवीत, कधी कुडाच्या खोपटात. एकच गुरुजी चार इयत्ता घेऊन बसलेले. शनिवारी वर्ग शेणाने सारवायचा; मुलींनी शेण कालवायचं आणि मुलांनी पाणी आणायचं. पाटी पुसायला ओला फडका आणला तर शहाणा, नाहीतर थुंकी आणि कोपर. पेन्सिल चघळायची, तिची चव अजून जिभेवर आहे. दुपारच्या सुट्टीतली सुकडी. पाढ्यांचा सूर, जो तीसपर्यंत पोचला की गावाला ऐकू जायचा. भात लावणीच्या दिवसांत निम्मा वर्ग गैरहजर, आणि गुरुजी चिखल तुडवत बांधावर येऊन नावं पुकारताहेत. पंधरा ऑगस्टची प्रभातफेरी पावसात, खोळ डोक्यावर घेऊन. आणि आमचे वाढदिवस! जन्मतारीख कुणाच्या घरात लिहिलेली नसायची, म्हणून गुरुजींनी रजिस्टरात बेलाशक १ जून लिहिलं. आजही तालुक्यात एक जूनला जन्मलेली माणसं इतकी भेटतात की त्या दिवशी शुभेच्छा देता देता हात दुखतात.

फांगण्याच्या आज्यांकडे यातलं काही नव्हतं. त्यांना एक जूनसुद्धा मिळाला नव्हता. शाळेच्या आठवणी हीदेखील एक मिळकत असते, आणि तीत बहिणींचा वाटा आपण घातलेला नाही, हे स्नेहमेळाव्यातल्या हास्यविनोदात सहसा कुणाच्या मनात येत नाही. या शाळेने अक्षरं किती दिली याचा हिशेब वेगळा. पाटी फुटल्याचं दुःख, कविता विसरल्याची फजिती, शेजारणीची नक्कल करून काढलेला अंक, बाईंची शाबासकी, मैत्रिणीसाठी राखलेली जागा, इतक्या गोष्टी तिने या बायकांना आयुष्याच्या उतरणीवर दिल्या. सत्तरीत मिळालं म्हणून बालपण खोटं ठरत नाही.

शाळेच्या आवारात झाडं आहेत. प्रत्येक विद्यार्थिनीने एक रोप लावलं आणि त्याला पाणी घालायचं काम तिचंच. झाडापाशी तिचं नाव. ज्या नावाची कधी कुणाला गरज पडली नव्हती, ते नाव. आपल्याकडे बाईला अमक्याची सून, तमक्याची आई, अमक्या घरातली म्हातारी म्हणून ओळखतात; लग्नात माहेरचं नाव बदलतं आणि नंतर सासरचंही कुणी उच्चारत नाही. इथे हजेरीला ते रोज पुकारलं जातं, आणि तिने ‘हजर’ म्हणायचं असतं.

दहा वर्षांत पहिल्या पटावरच्या काही आज्या देवाघरी गेल्या. या शाळेच्या खऱ्या माजी विद्यार्थिनी त्याच, कारण बाकीच्या अजून वर्गात आहेत. इथून कुणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडत नाही. दुसऱ्या शाळांच्या स्मरणिकेत दिवंगतांना एक चौकट असते, काळ्या कडेची. इथे त्यांच्या नावाची झाडं आहेत. त्यांना पाणी घालण्याचं काम आता त्यांच्या नातवंडांनी आपलं मानावं, अशी विनंती या पानावरून करणं मला अगत्याचं वाटतं.

राहिल्या वार्ता. त्या छोट्या आहेत, आणि मला त्या फार मोठ्या वाटतात. पहिली वार्ता सहीची. निराधार अनुदानाचे किंवा श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला म्हातारी बँकेत गेली की कारकून शाईचा पॅड पुढे सरकवायचा. अंगठा टेकवायचा आणि मग शाई पुसायला कागद नसल्याने तो केसांना पुसायचा. मागच्या रांगेतले बघत असायचे. त्या जागी आता पेन हातात घेऊन, ओठ दाबून, आपलं नाव एकेक अक्षर जोडत लिहिणारी बाई उभी राहते. रांग खोळंबते. खोळंबू द्यावी. आता तर बोटांचे ठसे यंत्र तपासतं, आणि शेतात राबून झिजलेल्या बोटांचे ठसे ते अनेकदा ओळखत नाही. ज्या अंगठ्याने आयुष्यभर काम भागवलं त्याला यंत्राने नाकारल्यावर हाताशी लिहिता येणारं नाव असणं, ही चैन उरलेली नाही.

दुसरी वार्ता आकड्यांची. एसटीच्या पाटीवरचा, मोबाइलवरचा, रेशनच्या पावतीवरचा आकडा ओळखता येणं म्हणजे पोराला ‘जरा बघ रे’ म्हणत थांबावं न लागणं. तिसरी वार्ता घरातली. आजीला वाचता येत नाही म्हणून तिच्या दप्तरातलं पुस्तक काढून तिला वाचून दाखवणारं नातवंड स्वतःच्या अभ्यासालाही बसतं. आजी शाळा चुकवत नाही, मग आपण कशी चुकवणार, असा धाक गावातल्या मुलांना बसला तर नवल नाही. आणि एक वार्ता अशी की वर्तमानपत्रांनी, वाहिन्यांनी, परदेशी माध्यमांनीही या शाळेची दखल घेतली. कॅमेरे आले, प्रश्न विचारले, गेले. त्या प्रसिद्धीतून शाळेला मदत मिळाली असेल तर चांगलंच. पण ही शाळा चालू राहिली ती कॅमेरा नसलेल्या दुपारी बायका येत राहिल्या म्हणून. इतिहासात श्रेय त्या दुपारींना द्यावं.

मर्यादाही लिहायला हव्यात. सगळ्याजणी वर्तमानपत्र सरसर वाचू लागल्या असं कुणी समजू नये. काहींचं गाडं बाराखडीपाशीच रेंगाळलं. काहींच्या डोळ्यांनी दगा दिला, काहींच्या स्मरणाने. शासनाच्या साक्षरता मोहिमांच्या मोजपट्टीने पाहिलं तर इथल्या कित्येकजणी अजून काठावर. महाराष्ट्राला अशा मोहिमांचा अनुभव मोठा आहे. १९५९ मध्ये साताऱ्यात सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम राज्यभर पसरली. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा आणि पुढे युनेस्कोनेही तिचा गौरव केला. १९८८ च्या राष्ट्रीय साक्षरता मिशननंतर जिल्ह्याजिल्ह्यांत वर्ग चालले. आता २०२२ पासून नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे. या मोहिमांचं ऋण नाकारू नये. पण मोहिमेला मुदत असते, उद्दिष्ट असतं, परीक्षा असते, आणि मुदत सरली की वर्ग मिटतात. मिटल्यावर वर्षभरात अक्षरं पुसली जातात, हा सार्वत्रिक अनुभव आहे. फांगण्याच्या शाळेला मुदत नाही. शिकून झालं असं इथे कुणी म्हणत नाही. माझ्या मते तिच्या टिकण्याचं रहस्य एवढंच आहे, आणि ज्यांना साक्षरतेचं काम करायचं आहे त्यांनी शिकण्याजोगी गोष्टही तीच आहे : म्हाताऱ्या माणसाला परीक्षेपेक्षा रोजची जागा हवी असते, जिथे त्याची वाट पाहिली जाते.

शहापूरच्या पाड्यांत, मुरबाडच्या वाड्यांत, सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावांत अजून हजारो आज्या आहेत. तानसा, वैतरणा आणि भातसा या धरणांचं पाणी शहापुरातून मुंबईला जातं आणि तिथल्याच बायका उन्हाळ्यात डोक्यावर हंडे घेऊन फिरतात. त्या बायकांना बाराखडी शिकवून पाणी मिळणार नाही, हे खरं. पण टँकरच्या अर्जावर स्वतःचं नाव लिहिणाऱ्या दहा बायका ग्रामसभेत बसल्या तर ग्रामपंचायतीला अर्ज बाजूला सारणं जड जातं, हेही तितकंच खरं.

या तालुक्यांतल्या शाळांचे माजी विद्यार्थी हल्ली जोमाने एकत्र येताहेत. बॅचेस जमतात, गुरुजींचा सत्कार होतो, शाळेला कपाट, संगणक, रंगकाम, पाण्याची टाकी मिळते. ते चालू राहावं. त्याबरोबर एक काम करावं अशी या इतिहासाच्या निमित्ताने सर्वांना कळकळीची विनंती आहे. स्नेहमेळावा ठरवाल तेव्हा आपल्या गावातल्या, आपल्या वर्गात असायला हव्या होत्या पण आल्या नाहीत अशा मुलींची यादी करा. कुणाची मोठी बहीण, कुणाची आत्या, कुणाची आई. त्यांच्यातल्या ज्या हयात आहेत त्यांना मेळाव्याला बोलवा, खुर्चीवर बसवा, नावाने पुकारा. आणि गावात एक खोली, एक फळा, दुपारचे दोन तास आणि दहावीपर्यंत शिकलेली एक सून एवढं जमवा. फांगण्याने सुरुवात केली तेव्हा त्याच्याकडे याहून फार जास्त काही नव्हतं.